दहा गुंठ्यांत लसूण : बियाण्याचा हिशेब, बाजार आणि साठवण

भामाकाठ

नमस्कार. खेड तालुक्यात आमची दोन एकर बागायत जमीन आहे. पावसाळ्यात सोयाबीन किंवा भुईमूग आणि त्यानंतर कांदा किंवा बटाटा, असा आमचा क्रम बरीच वर्षे चालत आला आहे. लसूण आम्ही बांधाकडेच्या एका वाफ्यात, घरापुरता लावतो. २०२४ साली किरकोळ बाजारात लसणाने किलोला चारशे रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून धाकट्या भावाचा आग्रह सुरू आहे की दहा गुंठे तरी लसूण लावावा. वडिलांचे म्हणणे असे की भाव पाहून लावलेला लसूण भाव पडल्यावरच निघतो. मला दोघांचेही पटते, म्हणून येथे विचारतो आहे. दहा गुंठ्यांना बियाणे नेमके किती लागते, आमच्या भागात कोणता वाण चालतो, आणि निघालेला माल वाशीच्या घाऊक बाजारात पाठवावा की जवळपास विकावा? ज्यांनी स्वतः लावला आहे त्यांनी आकड्यांसह लिहावे, ही विनंती.

जुन्नरी

मी सोळा-सतरा वर्षे लसूण लावतो आहे, पण वीस गुंठ्यांच्या वर कधी गेलो नाही, आणि त्याचे कारण बियाणे हेच आहे. कांद्याचे बी दोन-तीन किलोत एकराची रोपे देते. लसणाला खरे बी धरत नसल्यामुळे पाकळीच लावावी लागते (आमच्याकडे कुडी म्हणतात), म्हणजेच जो माल विकायचा तोच मातीत घालावा लागतो. शिफारशीत हेक्टरी साधारण ५०० किलो पाकळ्या, म्हणजे गुंठ्याला पाच किलो, असे लिहिलेले असते. हा आकडा कोठून येतो ते एकदा स्वतः मांडून पाहावे. दोन ओळींत १५ सेंटिमीटर आणि दोन पाकळ्यांत १० सेंटिमीटर अंतर धरले, तर चौरस मीटरला ६६ पाकळ्या बसतात. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. वरंबे, पाट आणि चालण्याच्या वाटा यांत पाचवा हिस्सा गेला असे धरले, तरी गुंठ्याला ५,४०० पाकळ्या लागतात. पाकळी एक ग्रॅमची असेल तर हिशेब पाच-साडेपाच किलोंवर येतो, पण चांगला गड्डा हवा असेल तर दीड ग्रॅमच्या आसपासची पाकळी लावावी लागते आणि मग तोच आकडा आठ किलोंवर जातो.

आता पुढचा भाग, जो नवखा माणूस हमखास विसरतो. आपण पाकळ्या विकत घेत नाही, गड्डे घेतो. गड्ड्यातल्या मधल्या बारीक पाकळ्या, साल, मधला दांडा, फोडताना सोलल्या गेलेल्या आणि पोचट निघालेल्या पाकळ्या असे सगळे मिळून तिसरा हिस्सा बाजूला पडतो. त्यामुळे तुमच्या दहा गुंठ्यांना मध्यम आकाराची पाकळी धरली तरी शंभर किलो गड्डे घ्यावे लागतील. दहा गुंठ्यांत वाळलेला, विकण्याजोगा लसूण सातशे किलो निघाला तर पहिल्या वर्षी समाधान मानावे. शंभर किलो बियाणे तीनशे रुपयांनी घेतले असेल, तर विकायच्या प्रत्येक किलोवर ४३ रुपये केवळ बियाण्याचे बसले. तेच शंभर रुपयांनी मिळाले असेल, तर १४ रुपये. मजुरी, खत आणि पाणी यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. तुमच्या वडिलांचे म्हणणे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. बियाणे ऑक्टोबरात, म्हणजे वर्षातल्या चढ्या भावाने घ्यावे लागते आणि माल मार्चमध्ये, म्हणजे सगळ्यांचा एकदम येतो तेव्हा निघतो. ज्याच्या घरी स्वतःचे बियाणे आहे त्याला हा फटका बसत नाही. पहिल्या वर्षी तीन-चार गुंठेच लावावेत आणि ते बियाणे तयार करण्यासाठी लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सह्यकडा

बियाण्याचा विषय निघाला आहे म्हणून स्वतःची फजिती लिहितो. चार वर्षांपूर्वी एका दुकानातून (नाव लिहीत नाही) मी साठ किलो लसूण बियाणे म्हणून घेतला. गड्डे मुठीएवढे, पाकळ्या अंगठ्याएवढ्या, एका गड्ड्यात जेमतेम दहा. हा डोंगराळ भागातला सुधारित लसूण असल्याचे विकणाऱ्याने अभिमानाने सांगितले होते. नोव्हेंबरात लावला, उगवण उत्तम झाली, पात गुडघ्याच्या वर गेली, आणि रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहू लागले. मार्च संपला, एप्रिल अर्धा झाला, तरी मानेखाली फुगवटाच दिसेना. शेवटी उपटून पाहिले तेव्हा कांद्याच्या पातीसारखा सरळ दांडा हाती आला. काहींच्या तळाशी पाकळ्या न फुटलेली एकच गोल गाठ होती. खत कमी पडले की पाणी जास्त झाले, याचा मी वर्षभर विचार करत राहिलो.

मृद्गंध

सह्यकडा, आपले खत आणि पाणी दोन्ही बहुधा योग्य होते. चुकला तो वाण. लसणाचा गड्डा धरण्यासाठी आधी थंडी आणि नंतर दिवसाची ठरावीक लांबी लागते. हिमाचल, काश्मीर किंवा उत्तराखंडातील डोंगरी वाण मोठ्या दिवसाचे आहेत. त्यांना गड्डा भरण्यासाठी तेरा तासांच्या आसपास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा असतो, आणि तो पुरेसा मोठा होईपर्यंत उन्हाळा इतका चढतो की पीक वाळू लागते. तेथे यशस्वी ठरलेला ॲग्रीफाउंड पार्वती हा वाण म्हणूनच आपल्या पठारावर लावू नये. बाजारात खाण्यासाठी आलेला मोठ्या पाकळीचा लसूण बियाणे म्हणून वापरण्यात हाच धोका आहे, कारण तो कोणत्या मुलखातून आला हे गड्ड्याकडे पाहून सांगता येत नाही.

भामाकाठ यांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट अशी की कांदा व लसूण संशोधन संचालनालय त्यांच्याच तालुक्यात, राजगुरुनगरला आहे. तेथील भीमा ओंकार हा पांढरा आणि भीमा पर्पल हा जांभळट वाण, दोन्ही सव्वाशे ते एकशे तीस दिवसांच्या आसपास तयार होतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गोदावरी, श्वेता आणि फुले बसवंत, तसेच राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचे यमुना सफेद मालिकेतील वाण महाराष्ट्रात जुने आणि ओळखीचे आहेत. यमुना सफेद-३ ची पाकळी मोठी आणि संख्येने कमी असल्यामुळे सोलायला सोपी जाते, म्हणून हॉटेलवाल्यांना ती आवडते. गोदावरीची पाकळी बारीक असली तरी तिचा तिखटपणा घरगुती गिऱ्हाईक ओळखते.

लावणी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा या महिनाभरात उरकावी. जितका उशीर, तितकी पानांची वाढ कमी, आणि पाने कमी भरली तर गड्डाही लहानच राहतो. खतांमध्ये लसणाला गंधकाची गरज आहे, कारण त्याचा वास आणि तिखटपणा गंधकयुक्त संयुगांमुळेच येतो. स्फुरदासाठी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) वापरले तर गंधक मिळत नाही, पण सिंगल सुपर फॉस्फेटमधून ते आपोआप अकरा-बारा टक्के मिळते. नत्र मात्र दीड महिन्यानंतर देऊ नये. उशिरा दिलेल्या नत्राने पाकळ्यांना गड्ड्यातच पुन्हा कोंब फुटतात आणि पिळवटलेला, टिकाऊपणा नसलेला माल निघतो. आणखी एक गोष्ट म्हणजे आपण कांद्यामागे लसूण घेऊ नये. फुलकिडे ही कीड आणि जांभळा करपा हा रोग दोन्ही पिकांवर येतात. सोयाबीन काढलेले रान उत्तम.

नफातोटा

मला जुन्नरी यांचे मत पटत नाही. तीन-चार गुंठ्यांत लावायचे, त्यातले बियाणे ठेवायचे, मग पुढच्या वर्षी दहा गुंठे, म्हणजे व्यवसाय सुरू होईपर्यंत भावाचे चक्र उलटलेले असणार. शेतीत जोखीम घ्यायचीच असेल तर भाव असताना एकदम एकर लावावा आणि मोकळे व्हावे. घरापुरते पीक घेणाऱ्याला बाजार विचारत नाही.

माळव्यातला मराठी

मी इंदूरला राहतो. आमच्या घराण्याला येथे पाच पिढ्या झाल्या, शेती उज्जैनच्या बाजूला आहे. नफातोटा यांनी लिहिले तसेच आमच्याकडे हजारो लोकांनी केले, म्हणून सांगतो. देशात सर्वाधिक लसूण मध्य प्रदेशात होतो आणि मंदसौर, नीमच, रतलाम हा त्याचा गाभा आहे. २०२२ साली मंदसौरच्या मंडीत हलक्या मालाला किलोमागे पाच रुपयेही मिळेनात, आणि शेतकऱ्यांनी पोती नदीत रिकामी केली. ती दृश्ये त्या वेळी सर्वांनी पाहिली असतील. त्या तोट्यामुळे पुढे लागवड घटली, माल कमी पडला आणि २०२३ च्या अखेरीपासून भाव असा चढला की शेतात रात्री राखण बसवावी लागली. चढ्या भावाने पुन्हा सगळे लसणाकडे वळले. हे चक्र आमच्या मोठ्या शेतकऱ्यालाही साधत नाही, मग दोन एकरवाल्याला एकरभर लावून ते कसे साधावे? आमच्याकडचा माल फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत निघतो, त्याच सुमारास राजस्थानातील कोटा-बारांचा येतो, आणि महाराष्ट्राचाही तेव्हाच. तुमचा एक एकर या प्रवाहात दिसतसुद्धा नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. लसूण भाजी की मसाला, यावर आमच्याकडे अनेक वर्षे खटला चालला, कारण भाजी ठरला तर तो आडत्यामार्फत भाजी मंडईत विकता येतो आणि मसाला ठरला तर कृषी मंडीतच न्यावा लागतो. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने २०२४ मध्ये तो भाजी असल्याचे मानले आणि विक्रीची मुभा दोन्हीकडे ठेवली. शेतकऱ्याला त्यातून एवढाच लाभ झाला की ज्या दारी भाव बरा त्या दारी त्याला जाता येते.

वाशीचा गाळा

कांदा-बटाटा बाजारात आमचे कुटुंब दोन पिढ्या आहे, तेव्हा बाजाराच्या बाजूने लिहितो. वाशीला येणारा बहुतेक लसूण मध्य प्रदेश, राजस्थान आणि गुजरातचा असतो. तो तेथेच चाळणीवर निवडून, लड्डू, फूलगोला अशा प्रतवारीने, एकसारख्या पोत्यांत येतो. गिऱ्हाईक एका पोत्यात हात घालून शंभर पोत्यांचा सौदा करते. आपल्याकडील शेतकरी सात पोती आणतो आणि त्यांत मोठा, बारीक, फुटका आणि मातीचा असे सर्व एकत्र असते. मग भाव सर्वांत हलक्या मालाचा लागतो आणि शेतकऱ्याला वाटते की आडत्याने लुबाडले. काही ठिकाणी लुबाडणूक होतेही, ते मी नाकारत नाही. पण निवडलेला माल असेल तर पट्टी (विक्रीचा हिशेब) वेगळी येते, हे मी रोज पाहतो.

दुसरी गोष्ट, सहा-सात क्विंटल माल वाशीला आणूच नये. भाडे, हमाली आणि तोलाई वजा जाता फरक उरत नाही. चीनमधून लसूण आणण्यास २०१४ पासून बंदी आहे, तरी अधूनमधून चोरट्या मार्गाने आलेला माल पकडला जातो. त्यामुळे गिऱ्हाईक आता 'गावठी आहे का' असे स्वतःहून विचारते. हा प्रश्न घाऊक बाजारात कोणी विचारत नाही, किरकोळीत विचारतात. छोट्या शेतकऱ्याने आपला माल जेथे हा प्रश्न विचारला जातो तेथे न्यावा.

वाडवळीण

माझी शेती पालघरकडे, वाडीतली आणि अगदी थोडी. आम्ही लसूण वाळू देण्याची वाटच पाहत नाही. सरासरी पन्नास-साठ दिवसांत, पात हिरवी आणि खाली पाकळी न धरलेला पांढरा दांडा असतानाच उपटतो, मुळे धुतो आणि जुड्या बांधून मुंबईच्या उपनगरांत विकतो. थंडीत उंधियू आणि हिरव्या लसणाचे इतर पदार्थ करणाऱ्या गुजराती घरांत या ओल्या लसणाला जी मागणी असते, तिला वाळलेल्या लसणाचा भाव लागू होत नाही. मकरसंक्रांतीच्या आधीचे दोन आठवडे सर्वांत चांगले.

यात दोन फायदे मला विशेष वाटतात. पहिला असा की बारीक पाकळ्या, ज्या जुन्नरी यांनी बाजूला काढायला सांगितल्या, त्या येथे चालतात, कारण आपल्याला गड्डा नको, पात हवी असते. त्या पाच-सहा सेंटिमीटरवर दाट लावाव्यात. दुसरा असा की जानेवारीत रान मोकळे होते आणि त्यात उन्हाळी भाजी घेता येते. तोटाही सांगते. जुडी दुसऱ्या दिवशी मलूल होते, त्यामुळे गिऱ्हाईक आधी ठरवूनच उपटावी लागते.

भामाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वाडवळीणताईंची युक्ती आमच्या घरातील महिलांना फार आवडली, कारण चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजूला गुजराती आणि राजस्थानी वस्ती पुष्कळ आहे. दोन शंका उरल्या आहेत. टोकणीला बायका किती लागतील, आणि पावसाळ्यात साठवण कशी करायची? गेल्या वर्षी घरचाच लसूण ऑगस्टपर्यंत निम्मा पोचट झाला होता.

जुन्नरी

टोकणीचा कंटाळा येणाऱ्याने लसूण लावूच नये. पाकळीचा रुंद, मुळांकडचा भाग खाली आणि टोक वर ठेवून, दोन सेंटिमीटर खोल, अशी एकेक पाकळी बोटाने बसवावी लागते. काही जण घाईत मुठीने फेकून माती ओढतात. अशा आडव्या-उलट्या पडलेल्या पाकळ्या उगवतात, पण मान वाकडी येते आणि गड्डा बेढब होतो. आमच्या अनुभवाने सरावलेल्या दोन बायका दिवसात एक गुंठा नीट लावतात. गड्डे फोडण्याचे काम लावणीच्या आदल्या एक-दोन दिवसांतच करावे, कारण सुटी झालेली पाकळी लवकर सुकते. खुरपणी पहिल्या दीड महिन्यातच उरकावी. मुळे वरच्या थरात असतात, नंतर खुरपे खोल गेले की ती तुटतात.

साठवणीची सुरुवात शेतात होते. पाने पिवळी पडून शेंडे वाळू लागले की पाणी तोडावे आणि दहा-बारा दिवसांनी काढणी करावी. पाण्याखालीच राहिलेल्या गड्ड्याची वरची साल कुजते, पाकळ्या उघड्या पडतात, आणि असा लसूण काहीही केले तरी टिकत नाही. काढल्यावर पात कापू नये. दोन-तीन दिवस शेतातच असा पसरावा की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे गड्डे झाकले जातील, म्हणजे उन्हाचा चटका बसत नाही. नंतर आठ-दहा दिवस सावलीत वाळवून पातीसकट जुड्या बांधाव्यात आणि हवेशीर जागी टांगाव्यात. पोत्यात भरलेला लसूण आतल्या आत दमट होतो आणि पावसाळ्यात काळी बुरशी धरतो. आमची आजी चुलीच्या वर, धुरात टांगत असे. आता चूल नाही म्हणून आम्ही कांदाचाळीत वर बांबू टाकून टांगतो.

भामाकाठ

लांबलेल्या धाग्यावर पुन्हा येतो आहे, कारण हंगाम संपला आणि ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना हिशेब देणे मला आवश्यक वाटते. आम्ही शेवटी साडेचार गुंठे लावले. चार गुंठ्यांत भीमा पर्पल, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, चाळीस किलो गड्डे फोडून. उरलेल्या अर्ध्या गुंठ्यात निवडीतून निघालेल्या बारीक पाकळ्या दाट टोकल्या. ओला लसूण पौष महिन्यात तीन खेपांत गेला. पहिली खेप आम्ही ठरवून न उपटल्यामुळे अर्धी परत आणावी लागली आणि घरात आठवडाभर पातीची भाजी झाली. उरलेल्या दोन खेपांनी चाळीस किलो गड्ड्यांच्या खर्चातला बराच भाग भरून दिला.

जानेवारीत ढगाळ हवामानात फुलकिडे वाढले आणि पानांवर पांढुरके पट्टे आले. मी पहिली फवारणी चिकटद्रव्याशिवाय केली. मेणचट पानांवरून सगळे औषध घसरून गेले आणि दुसऱ्यांदा खर्च करावा लागला. चार गुंठ्यांतून वाळवून, पात धरून न तोलता, निव्वळ गड्डे २५५ किलो निघाले. म्हणजे जुन्नरी यांनी सांगितलेल्या प्रमाणापेक्षा थोडे कमीच. त्यातले साठ किलो बियाण्यासाठी बाजूला काढले. उरलेला तीन प्रतींत निवडला. मोठा आणि मधला माल जुड्या करून आम्ही रविवारच्या बाजारात आणि भावाच्या कंपनीतील लोकांना विकला, बारीक लसणाची आईने शेंगदाणे आणि सुके खोबरे घालून चटणी केली. वाशीला काहीही पाठवले नाही. वडील अद्याप काही बोललेले नाहीत, पण पुढच्या वर्षी सोयाबीन कोणत्या रानात लवकर निघेल याची चौकशी त्यांनी स्वतःहून केली.

एक प्रश्न : बियाण्याचे साठ किलो मी सर्वांत मोठ्या गड्ड्यांतूनच काढले आहेत. तसे करणे बरोबर आहे ना?

जुन्नरी

मोठा गड्डा बरोबर, पण नुसता आकार पाहू नका. ज्याच्या मानेतून दुसरा कोंब निघाला आहे, ज्याच्या पाकळ्या साल फाडून बाहेर आल्या आहेत, ते गड्डे मोठे असले तरी आत्ताच विकून टाका. त्यांत हमखास ते निघतील ज्यांना नत्र उशिरा मिळाले. उरलेल्या जुड्या जूनच्या आधी एकदा उतरवून प्रत्येक गड्डा अंगठ्याने दाबून पाहा, दबला तो स्वयंपाकघरात द्या. आणि साठ किलोंपैकी बारा-पंधरा किलो ऑक्टोबरपर्यंत जाणारच असे धरून चाला, म्हणजे पुढच्या वर्षी चार गुंठ्यांच्या वर किती लावायचे ते तुम्हाला आजच ठरवता येईल.